सोमवारचे तीन प्रश्न

चिंचवड, १९५७

२५ जुलै, गुरुवार
आज कॉलेजात दुसऱ्यांदा उभी राहिले, पान लिहून नेलं नव्हतं. निबंधाच्या तासाचा नियम असा : सोमवारी येताना नेमलेली पानं दोनदा वाचायची, एकदा मनात, एकदा मोठ्यानं, आणि त्या पानांत ज्यांचं उत्तर नाही असे तीन प्रश्न लिहून आणायचे. गुरुवारी एक पान स्वतःचं. तीनदा चुकलं की टर्म मंजूर नाही. सर ओरडत नाहीत, नुसतं वहीत टिंब देतात. माझी दोन टिंबं झाली.
पन्नास पोरांत आम्ही चार मुली. लग्न झालेली मी एकटी. कोणी हसलं नाही, पण मला वाटलं, हसले.

२६ जुलै, शुक्र.
हे म्हणाले, "वेळ नसेल तर सोडून दे, मी काही म्हणणार नाही." चांगल्या मनानं म्हणाले, म्हणूनच जास्त लागलं. मॅट्रिक होऊन चार वर्षं बसले होते. फीचा अर्ज ह्यांनीच आणून दिला होता, कारखान्यातून येताना.
पाणी, स्वयंपाक, ह्यांचा डबा, सातची गाडी. वाचायचं कधी?

२८ जुलै, रवि.
उपाय सापडला. भाकऱ्या थापताना पुस्तक डब्याला टेकवून ठेवलं आणि मोठ्यानं वाचत गेले. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडत बसल्या होत्या. माझ्याशी कामापुरतंच बोलतात. सुनेनं गाडीनं पुण्याला जाणं त्यांना पसंत नाही, ते तोंडानं कधी म्हटलं नाही इतकंच.
पाठ नदीकाठच्या प्रवासाचा. लेखक पहाटे नावेत बसतो, पाण्याचं, पाखरांचं वर्णन, नाव पैलतीराला लागते. संपलं.
"आन् नावाडी?"
"काय?"
"नाव वल्हवली कुनी? समदी पाखरं दिसली त्याला, म्होरं बसल्याला मानूस न्हाई दिसला व्हय?"
मी पुस्तक परत चाळलं. खरंच नाही. एका ओळीतसुद्धा नाही.
पिठाच्या हातानंच लिहून ठेवलं.

२९ जुलै, सोम.
सरांनी माझा प्रश्न वाचला, चष्मा काढला. "हा तुम्हाला सुचला?" खोटं बोलावंसं वाटलं. "सासूबाईंना," म्हटलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत. "त्या काय शिकल्यात?" "काही नाही. सुईण आहेत." फळ्यावर लिहिलं : नावाडी कुठे आहे? आणि पूर्ण तास त्यावरच गेला.
घरी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "येवढा येळ त्येच्यावर?" पण रात्रीच्या भाजीत माझ्या पानात जास्त शेंगदाणे आले.

१ ऑगस्ट, गुरु.
टर्मचा मोठा निबंध नेमला. आपल्या ओळखीतलं एक माणूस, त्याचं एक काम. असं लिहायचं की ते काम करणाऱ्यानं ऐकून म्हणावं, हो, असंच. आधी त्या माणसाला वाचून दाखवायची सक्ती.
वर्गातली लीला वडिलांच्या घड्याळदुरुस्तीवर लिहिणार. मला आत्याबाईंशिवाय दुसरं कोणी डोळ्यांसमोर येईना. पण बाळंतपणावर? मुलांच्या वर्गात?

४ ऑगस्ट, रवि.
ह्यांना विचारलं. कान लाल झाले. "भाकरीवर लिही ना."
भाकरीवर अर्धं पान लिहिलं. फाडलं.

११ ऑगस्ट, रवि.
शेवटी आत्याबाईंच्या सुईणकामावरच, आठ दिवस त्यांना विचारून विचारून लिहिलं, चार पानं. आज दुपारी आत्याबाईंना वाचून दाखवलं. भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, झोपल्या.
"ह्ये वाचून कुनी बाळंतपन केलं, तर पोर मरंल."
मी पानं परत उघडली.
"नाळ कापली आन् मग दोरा बांदला, आसं लिवलंस तू. आधी बांदायचं. दोन जागी. मदी कापायचं. रगत वाहून जाईल लेकराचं."
मला वाक्याचा ओघ बरा वाटला म्हणून मी आधी कापणं लिहिलं होतं. ओघासाठी.
"आन् सुरवातच चुकली. गरम पानी नंतर. आधी म्या पोरीपाशी बसती, तिचं नाव इचारती. सासरचं न्हाई, म्हायेरचं. त्या नावानं हाक मारली की पोरगी माझं ऐकती."
मग, "तुजं काय गं?"
लग्नाला चार वर्षं झाली. "सिंधू," म्हटलं.

१८ ऑगस्ट, रवि.
तिसऱ्यांदा लिहिलं. त्यांनी दोनच ठिकाणी थांबवलं. शेवटी म्हणाल्या, "व्हय. आसंच." लगेच उठून शेळी बांधायला गेल्या.

२२ ऑगस्ट, गुरु.
वाचायची पाळी माझी. काल मी आत्याबाईंना म्हणाले होते, मला नाही जमणार, मुलं आहेत वर्गात. तर त्या म्हणाल्या, "लाज कशाची? ती पोरं काय झाडाला आली व्हती?"
तेच आठवत वाचलं. पहिल्या पानावर मागच्या बाकावर खुसखुस. दुसऱ्या पानावर थांबली. सर म्हणाले, "तुमची दोन टिंबं तशीच आहेत. पण हे टर्मला पक्कं करून आणा. पाच तारखेला, स्वतः, अखेरची प्रत." एक मुलगा बाहेर थांबला होता. म्हणाला, माझी बहीण गेल्या वर्षी बाळंतपणात... नमस्कार करून गेला.
गाडीत सबंध वाट खिडकीशी उभी होते. हसू येत होतं मधूनच.

५ सप्टेंबर, गुरु.
वही तयार, साडी नेसून तयार. पावणेसातला मारुंजीहून बैलगाडी दारात. पहिलटकरीण, कालपासून अडलेली. आत्याबाईंच्या मदतीला येणारी गंगूबाई तापानं पडलेली.
आत्याबाईंनी माझ्या हातातली वही बघितली आणि एकट्याच गाडीत चढायला लागल्या. पाय घसरला त्यांचा.
मी वही ह्यांच्या हातात दिली. कारखान्यात ह्यांची दुसरी पाळी होती, दुपारची. "तुम्ही जा पुण्याला. सरांना सांगा—" काय सांगायचं ते सुचेना. गाडीत चढले.

६ सप्टेंबर, शुक्र.
मुलगी झाली, काल दुपारी दोनला. दोघी सुखरूप. दोरा मी बांधला, दोन जागी.
ह्यांना सर भेटले नाहीत. वही शिपायाकडे ठेवून आले. तिसरं टिंब पडलं का, सोमवारी कळेल.
पण एक गोष्ट चारही पानांत नाही. आत्याबाईंचे हात कापत होते. पोरीचा हात धरला तेव्हा नाही, त्याआधी, उंबऱ्याबाहेर, चूळ भरताना. पदराआड लपवले. मी पाहिलं.
परत येताना गाडीत विचारलं, "हे लिहू का?"
"लिव," म्हणाल्या. "पर आधी मला वाचून दाखव."
आज भाकऱ्या त्या करताहेत. मी कोरं पान घेऊन बसले आहे.