गाडी तशीच ठेवा

१४ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय. उजव्या मनगटाला प्लास्टर, एअरबॅगने मोडलं. डॉ. म्हणाले, नशीबवान आहात. हरीकाकांना जाऊन सांगा म्हणावं.

परवा सकाळी त्यांचंच रक्त घेतलं होतं मी. राई गावात, त्यांच्या ओटीवर. लॅबसाठी घरोघरी सॅम्पल घ्यायला लागल्यापासून दर महिन्याचं ठरलेलं घर, शुगरचं. सुई टोचली तेव्हा म्हणाले, "तुजा हात हलका हाय पोरी." मग आणखी दोन घरं केली, गाडी वळवली, परत निघाले. ते रस्त्याच्या कडेला मेथीच्या जुड्या घेऊन उभे. मला बघून हात वर केला. मी हळू करायला ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, आणि गाडी ओरडली. त्याला दुसरा शब्द नाही. पाय काढल्यावर ओरडली आणि धावली. ब्रेक दगडासारखा. दाबतेय, दाबतेय, खाली जातच नाही. काका. मग भिंत.

काकांची मांडी मोडली. जिवंत आहेत. रस्ताभर मेथी.

१७ नोव्हेंबर
पोलीस स्टेशन. गुन्हा माझ्यावर. हयगयीने, बेदरकारपणे वाहन चालवणे. आरटीओच्या इन्स्पेक्टरने गाडी तपासली, ब्रेक ठीक, यांत्रिक दोष नाही असं लिहिलं. साहेब चांगले बोलले. पाणी दिलं. "मॅडम, पाय चुकला असेल. होतं असं."

परत येताना रिक्षात संजय मीटरकडे बघत होता. पेणकरपाड्याच्या वळणावर विचारलं, "चुकला नाही ना?"
पंधरा वर्षं गाडी चालवतेय, सासूबाईंना हॉस्पिटलमध्ये मीच नेत होते. तरी विचारलं. रागावता येईना. त्याच्या जागी मीही विचारलं असतं.

२७ नोव्हेंबर
कोर्टातून सुपूर्तनाम्यावर गाडी सुटली, मागतील तेव्हा हजर करायची. टो करून आणली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपल्या जागेवर. डावीकडचा दिवा, बंपर, पत्रा गेलाय. बाकी सगळी तशीच. आरशाला लटकवलेली लिंबू-मिरचीसुद्धा. चावी कपाटात ठेवली, साड्यांखाली. का ते माहीत नाही. दागिने उघड्यावर असतात आमच्याकडे.

४ डिसेंबर
मोबाइलवर कंपनीचा रिकॉलचा मेसेज. आपल्या मॉडेलच्या काही वाहनांत इंजिनचं नियंत्रण करणाऱ्या युनिटमध्ये दोष आढळला आहे. क्वचित प्रसंगी वेग अनपेक्षितपणे वाढू शकतो. जवळच्या सर्व्हिस सेंटरला भेट द्या, पार्ट विनामूल्य बदलून मिळेल. आपल्या सुरक्षिततेसाठी कटिबद्ध.

ओट्याशी उभी होते, तिथेच खाली बसले. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. संजय ऑफिसमधून आला, वाचलं. माझं प्लास्टर दोन्ही हातांत धरून बसला.

६ डिसेंबर
ठाण्याला वकीलबाईंकडे. कर्णिक. केस पांढरे, बोलणं सरळ. मला वाटलं होतं मेसेज दाखवला की संपलं. त्यांनी मोबाइल परत दिला आणि म्हणाल्या, "रिकॉल म्हणजे कबुली नव्हे. या मॉडेलमध्ये दोष आहे, एवढंच ते म्हणतायत. तुमच्या गाडीत, त्या दिवशी, त्याच दोषाने हे झालं हे आपल्याला दाखवावं लागेल."

मग नीट समजावलं. फौजदारी केस वेगळी, तिथे मी आरोपी, तिथे हा बचाव. काकांनी अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागायची, ती विमा कंपनीकडून मिळेल, त्यांनी दावा केला तर मनाला लावून घ्यायचं नाही. आणि कंपनीवर ग्राहक आयोगात, सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल. दोन वर्षांची मुदत, पण थांबायचं नाही. आयोगाकडे अर्ज करून गाडी लॅबमध्ये तपासून घेता येते.

उठताना म्हणाल्या, "गाडी तशीच ठेवा. धुवायची नाही, बॅटरी काढायची नाही. कंपनीच्या माणसाला हात लावू देऊ नका. तो पार्ट बदलला की तुमचा साक्षीदार गेला."

साक्षीदार. घरी येऊन पार्किंगमधून जाताना तिच्याकडे बघितलं नाही.

१२ डिसेंबर
कंपनीचा माणूस आला होता. तरुण, मऊ बोलणारा, फळं घेऊन. गाडी घेऊन जातो म्हणाला, पार्ट बदलू, पत्रेकामही करून देऊ, सद्भावना म्हणून. एक सही लागेल. मी नाही म्हटलं.

मग त्याने त्या दिवसाचं विचारलं. चप्पल कुठली होती? सीट पुढे होती का? "मॅडम, डोळे मिटून आठवा. पायाखाली कुठलं पेडल होतं?" मी सांगितलं, ब्रेक. तो मान हलवायचा, लिहून घ्यायचा, थोड्या वेळाने पुन्हा तेच. आवाज चढला नाही त्याचा एकदाही. "घाई नाही मॅडम. नीट आठवा."

गेल्यावर खिडकीतून बघितलं. तो गाडीजवळ उभा होता. हात पाठीमागे बांधलेले. हात लावला नाही. पण वाकून काचेतून आत कुणाशी बोलावं तसा बराच वेळ उभा.

१३ डिसेंबर
आज भाजी निवडताना आठवलं, पायाखालचं पेडल लांबट होतं. उभं. ॲक्सिलरेटरचं असतं तसं.
काल हे आठवत नव्हतं.

१५ डिसेंबर
टीव्ही बघताना संजय म्हणाला, पाय का दाबतेयस? खाली बघितलं. उजवा पाय लादीवर रुतवलेला, पोटरीला गोळा आलेला. किती वेळ, कळलं नाही. आणि कुठलं पेडल दाबत होते तेही.

२१ डिसेंबर
वॉचमन रामाशंकरने खुर्ची हलवली. नेहमी आमच्या गाडीच्या शेजारी बसायचा, तिथे वारा येतो. आता गेटपाशी उन्हात. विचारलं तर इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "मॅडम, वो अपने आप चालू होती है. अंदर से."

संध्याकाळी दिवेलागणीला खाली गेले. संजयला घेऊन. गाडी गप्प. निघणार इतक्यात डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले. हिरवे, लाल, सगळे. पुढे पंखा फिरायला लागला, दमलेल्या माणसाने नाकाने श्वास घ्यावा तसा. सीटवर माझा त्या दिवशीचा स्कार्फ, लाल उजेडात. मग सगळं बंद.

संजय कपाटात बघून आला. चावी साड्यांखालीच.

वकीलबाईंना फोन केला. म्हणाल्या, घाबरू नका, हेच हवंय आपल्याला, युनिट बिघडलेलं आहे, पुन्हा झालं तर व्हिडिओ घ्या. मला पटलं. रामाशंकरने तरी चाकांखाली विटा लावल्या. मी काढायला सांगितल्या नाहीत.

८ जानेवारी
प्लास्टर निघालं. पहिल्यांदा राईला गेले, रिक्षाने. हिंमत होत नव्हती इतके दिवस. संजय हॉस्पिटलमध्ये जाऊन येत होता, मी नाही.

काका खाटेवर, मांडीत रॉड. सुनेने दार उघडलं आणि आत निघून गेली. मुलगा बसला समोर. मी माफी मागायला तोंड उघडलं तर काकांनी हाताने थांबवलं.

"मी बगितला तुला. तुजं दोन्ही हात चाकाव. तू पन आमच्यासारकी गाडीला बगत व्हतीस. चालवत न्हाय व्हतीस."

रडू आलं. मुलगा म्हणाला, "बाबा, हे कोर्टात बोलू नका." त्याला वाटतं असं बोललं तर विम्याचे मिळणार नाहीत. वकीलबाईंनी सांगितलेलं मी सांगून बघितलं, त्याने दावा अडत नाही. पण माझ्यावर का विश्वास ठेवावा त्याने? काका भिंतीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "आन दुसरी गोष्ट. तिनं, त्या गाडीनं, मना बगितला. मंगच आली."

मुलगा म्हणाला, औषधांनी असं बोलतात.

१९ जानेवारी
नाशिकहून फोन. गायधनी. त्याच मॉडेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझं वाचलं म्हणे. त्यांची बायको गेल्या वर्षी गेली, उतारावर, एकटीच होती. तेव्हा रिकॉल वगैरे काही नव्हतं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, गाडी इथे पडून काय करणार, आम्ही नेतो. यांनी दिली. "मला बघवत नव्हती हो ती." आता हातात काही नाही. पोलिसांच्या कागदात तिचाच पाय चुकला असं कायमचं झालंय.

  मग म्हणाले, "तुमची गाडी अजून आहे ना? एकदा बसू द्याल का तिच्यात?"

२५ जानेवारी
गायधनी येऊन गेले. साठीचे असतील. इस्त्रीचा शर्ट, हातात छोटी बॅग. चहा नको म्हणाले, आधी खाली जाऊ.

वकीलबाईंना विचारलं होतं. बसू दे, कशाला हात लावायचा नाही. दार संजयने चावीने उघडलं, चावी वर ठेवून आला. गायधनी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, हात मांडीवर ठेवून. मी शेजारी बसले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच. आत अजून मेथीचा वास होता, किंवा मला आला.

समोर बघत म्हणाले, "तिला वेळ मिळाला असेल का? कळायला?"

खोटं सांगणार होते. झटकन होतं, काही कळत नाही. पण हा माणूस तेवढ्याचसाठी नाशिकहून आला होता.

"मिळतो," मी म्हटलं. "पण भीती वाटायला नाही मिळत. मी सगळा वेळ ब्रेकच दाबत होते. त्याही दाबतच असणार."

त्यांनी मान हलवली. मग उजवा पाय उचलला आणि ब्रेकपासून चांगला वर, हवेत धरला. पेडलला लावला नाही. थरथरायला लागला तरी खाली ठेवला नाही. माझंही लक्ष त्यांच्या पायाकडे होतं, तेव्हा दारं लॉक झाली. चारही, एकदम, खट्. चावी वर घरात.

संजय बाहेरून हँडल ओढत होता. गायधनी हलले नाहीत. फक्त म्हणाले, "असू दे." जरा वेळाने खट्, उघडली.

वर येऊन चहा प्यायले. साखर मागून घेतली. जाताना म्हणाले, गाडी देऊ नका हं.

२६ जानेवारी
पेडलचं आठवून बघितलं. रुंद होतं. आडवं. ब्रेकच.
गायधनींना बोलल्यावर आठवलं, की त्यांना बोलले म्हणून असं आठवतंय?

१७ फेब्रुवारी
ग्राहक आयोगाने आमच्या अर्जावर तपासणीचा आदेश दिला. कंपनीचा विरोध होता, गाडी अपघातात बिघडलेली, आता तपासून काय उपयोग, वगैरे. तरी झाला. लॅबची माणसं येऊन घेऊन गेली, सील लावून. टो व्हॅनवर चढताना मागून बघितली, अगदी साधी पांढरी गाडी. पार्किंगच्या लादीवर टायरचे डाग. रामाशंकरने लगेच खुर्ची परत जागेवर आणली.

३ मार्च
लॅब. शेड, आवाज घुमतो. वकीलबाई, कंपनीचे वकील, तो मऊ बोलणारा, लॅबचे इंजिनिअर. सकाळपासून गाडी सुरू करतायत, बंद करतायत. तापवली, एसी लावला, वायरी हलवल्या. काही नाही. शहाण्या मुलीसारखी चालतेय. जेवणाच्या सुट्टीत कंपनीचे वकील वकीलबाईंशी हसून बोलत होते.

नंतर इंजिनिअर म्हणाले, मॅडमना बसवू, त्यांची नेहमीची सीट, तसंच सगळं. मी बसले. पाय सीटवर घ्या म्हणाले, मांडी घालून, म्हणजे कुणी बोलायला नको. देवापुढे बसतात तशी बसले. कॅमेरा पेडलवर. इंजिन सुरू.

काट्याकडे बघत होते. आणि मनात म्हणत होते, कर. त्या दिवशी केलंस ना, आता कर. ज्या आवाजाने अजून दचकून जागी होते तोच आवाज मी मागत होते.

काटा चढला. इंजिनचा आवाज वर गेला, क्षणभर. मग खाली. मी आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मांडीच होती.

सगळ्यांनी ऐकलं. इंजिनिअरने लिहून घेतलं. वकीलबाईंनी माझा खांदा दाबला. मऊ बोलणारा लगेच म्हणाला, एसीचा लोड आला की एवढं होतंच, नॉर्मल आहे. इंजिनिअर म्हणाले, रेकॉर्डिंगचा अभ्यास करून रिपोर्ट देऊ. कधी? सांगता येत नाही.

दार उघडून उतरता येईना. 

११ मार्च
रिपोर्ट नाही. फौजदारी केसला पुढची तारीख. काकांचा निरोप आला, मुलगा काहीही म्हणू दे, कोर्टात येणार, उचलून न्या. मुलाचाही नंतर फोन, त्यांना त्रास देऊ नका.

घरोघरी सॅम्पल घ्यायचं काम पुन्हा सुरू केलंय. रिक्षाने, लांबचं असेल तर चालत.

१६ मार्च
हाटकेशला सिग्नलपाशी उभी होते, हातात सॅम्पलची पेटी. समोर आमचीच गाडी येऊन थांबली. म्हणजे तेच मॉडेल, तोच रंग. एक बाई चालवत होती, माझ्याहून लहान, मागे मुलगी युनिफॉर्ममध्ये. काय झालं कळलं नाही, मी रस्त्यात उतरून काचेवर टकटक केली. तिने दचकून थोडी खाली केली.

"रिकॉल का मेसेज आया था आपको? पार्ट बदलवाया?"

"हां हां, आया था. सर्व्हिसिंग के टाइम करवा लूंगी." मराठीच असावी, दोघी हिंदीत बोलत राहिलो. मी म्हटलं, आजच जा, प्लीज. तिने माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. काच वर केली. मुलगी मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होती.

सिग्नल सुटला. पुढच्या चौकात रिक्षांची रांग लागलेली. मी डिव्हायडरवर चढून उभी राहिले, तिचे मागचे ब्रेकचे लाल दिवे लागतात का बघायला. मध्ये बस आली.