भुलाबाईची डिस्क

५ सप्टेंबर २००४, रवि.
मराठी मंडळात कळलं, यंदा कोजागिरीला भुलाबाईची गाणी नाहीत. ऑर्केस्ट्रा. सचिव बापूसाहेब म्हणाले, "वहिनी, पोरींना गाणीच येत नाहीत. म्हणणार कोण, तुम्ही चार जणी?" सहा आहोत. तिथे बोलले नाही, घरी ह्यांच्याजवळ बोलले. हे पेपरातून "हो हो" म्हणाले.
मागच्या वर्षी गोहलपुरच्या व्हिडिओवाल्याकडून आमच्या गाण्यांची डीव्हीडी करून घेतली होती. कपाटात पडून आहे. खर्च तर झालाच, आता कामाला तरी येवो. येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये दाखवू द्या म्हणून बापूसाहेबांना निरोप दिला. "दाखवा" म्हणाले.

९ सप्टें., गुरु. उपास.
रश्मी नेपियर टाउनला मल्टिमीडिया शिकते, तर ते आज उपयोगी पडलं. "आई, पूरी डीव्हीडी कौन देखेगा? मी कॉम्प्युटरवर प्रेझेंटेशन करते." एका पानावर एक गाणं. चौकोन दाबला की डिस्क सरळ त्याच गाण्यावर जाते, गाणं संपलं की थांबते. बाजूला शब्द, मोठ्या अक्षरात. कुठलं गाणं कुठे सुरू, कुठे संपतं, ते मी रिमोट घेऊन सांगितलं, तिने भरलं. साबुदाणा तसाच राहिला.
काम झालं म्हणून डिस्क काढून कपाटात ठेवली, तर चौकोन काळा.
"काहून काढली, आई? गाणं पानात नाहीये, डिस्क में है. पान फक्त बोलावतं."
म्हणजे पान घंटी, देव डिस्कमध्ये. समजलं.

१२ सप्टें., रवि.
निघायच्या आधी डिस्क देवघरातल्या महाराजांपुढे ठेवली. हळद-कुंकू वाहिलं.
मीटिंगमध्ये पहिलं गाणं छान झालं. दुसऱ्यात आमची विमल पडद्यावर अडकली, तोंड उघडं ते उघडंच. बापूसाहेब म्हणाले, "विमलताई पहिल्यांदाच गप्प दिसून राहिल्या." सगळे हसले, विमलही. रश्मीने डिस्क काढली. चकचकीत बाजूला कुंकू. मला तीच समोरची बाजू वाटली होती. पोरीने ओढणीने पुसली, लावली. चालली.
मग तर काय. मागच्या खुर्च्यांवर आयांबरोबर आलेल्या पोरी, मराठी बोलायची ज्यांना लाज, त्या पडद्यावरचं वाचून म्हणू लागल्या. शेवटी मी पिशवीतून खिरापतीचा डबा काढला, सगळ्यांसमोर हलवला. भुलाबाईची रीतच ती, आत काय ते ओळखायचं.
बापूसाहेबांच्याच तोंडून निघालं, "फुटाणे."
"नाही."
"शेंगदाणे. थांबा, थांबा. खडीसाखर."
बत्तासे होते. हरले आणि कोजागिरी आम्हाला दिली.
हे म्हणाले, "लय जिंकून राहिली तू." शिरा केला. तुपाला हात आखडला नाही.

२७ ऑक्टो., बुध. कोजागिरी.
हॉल भरला. रश्मी चौकोन दाबत होती, पोरी म्हणत होत्या. दोन गाणी उरली आणि वीज गेली. पडदा काळा. मी "जय महाराज" म्हटलं.
पोरी थांबल्याच नाहीत. दोन्ही गाणी पूर्ण, अंधारात, टाळ्यांवर.
दूध वाटताना बापूसाहेब म्हणाले, "ऑर्केस्ट्रा असता तर वीज गेल्यावर घरीच गेलो असतो."
आज आणखी काही लिहीत नाही. मन भरलं.

३१ ऑक्टो., रवि.
रश्मीने तेच सगळं वेबच्या पानावर टाकलं, बंगलोरला मोठ्या सुषमाकडे दिसावं म्हणून. तिचा फोन आला, "आई, शब्द दिसतात. चौकोन काळा."
"अगं बाई, डिस्क तुझ्याकडे कुठे आहे?" मी म्हटलं. रश्मीच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.
डिस्कची नक्कल काढली. उद्या पोस्टात टाकते. कुंकू या वेळी पाकिटावर. तिच्या कॉम्प्युटरवर चालते की नाही, महाराज जाणे. नातीला मराठी कळतं, बोलत नाही.
नात फोनवर आली तेव्हा डबा रिसीव्हरजवळ हलवला.
"आजी, बिस्किट?"
"नाही. आधी गाणं म्हण, मग सांगते."