तिसऱ्या हाकेचं उत्तर

प्रति,
मा. न्यास निरीक्षक,
उत्तर परगणा न्यास कार्यालय,
मार्शबरो.

विषय : हॅझलबेक गावातील 'ड्रिंगलो निवारा' न्यासाच्या अटीतून, म्हणजेच ड्रिंगलो असण्यातून, अर्जदारास मोकळे करणेबाबत.

संदर्भ : १) माझे अर्ज दि. ४ सप्टेंबर १९८३, १७ नोव्हेंबर १९८३ व ९ फेब्रुवारी १९८४.
२) आपली तीन उत्तरे.

महोदय,

मी खाली सही करणार विनिफ्रेड, वय ६१, हॅझलबेकच्या शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, आपणांस हा चौथा अर्ज सादर करते. पहिले तीन अर्ज शुद्ध सरकारी भाषेत केले होते. त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. आपल्याकडे नवीन साहेब आल्याचे कळते, म्हणून सगळे पहिल्यापासून सांगते. मध्येच भाषा घसरल्यास क्षमा असावी.

१. आमच्या गावात नऊ बैठ्या दगडी घरांची एक ओळ आहे, तिला 'ड्रिंगलो निवारा' म्हणतात. म्हातारपणी ज्यांना कोणी नाही अशी नऊ माणसे तिथे राहतात. इ. स. १६११ साली सर ऑसवाल्ड थेक्स्टन यांना ड्रिंगलो आडनावाच्या एका माणसाने पुरातून ओढून काढले, म्हणून त्यांनी ही घरे गावाला दिली. देताना अट घातली. दरवर्षी २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, चर्चच्या दारात ड्रिंगलो या नावाने तीन हाका मारायच्या. त्या वंशातल्या, तेच नाव लावणाऱ्या आणि गावात राहणाऱ्या कोणीतरी 'हजर' म्हणायचे. त्याने सलग सहा रात्रींपेक्षा जास्त गावाबाहेर झोपायचे नाही. ज्या वर्षी उत्तर मिळणार नाही, त्या वर्षी घरे थेक्स्टनच्या वारसांना परत. आजच्या वारसांना तिथे गोल्फचे मैदान करायचे आहे. त्यांचा वकील दरवर्षी हाकेच्या दिवशी मिटलेली छत्री घेऊन येतो, माझ्या तोंडाकडे बघत उभा राहतो, आणि मी 'हजर' म्हटले की निमूट निघून जातो. आमच्या पूर्वजाने बुडणाऱ्याला हात दिला. तो हात त्यांनी अजून सोडलेला नाही.

२. आपण दुसऱ्या पत्रात आडनावाची 'उत्पत्ती, इतिहास व संख्या' मागितली होती. आमचे जुने मास्तर सांगत की 'ड्रिंग' म्हणजे ज्याला जमीन मिळे पण जमिनीबरोबर जन्माची चाकरीही मिळे असा माणूस, आणि 'लो' म्हणजे टेकाड. मास्तरांचे बरोबर की चूक ते मला माहीत नाही, पण चाकरीपुरते बरोबर आहे. १८८१ च्या जनगणनेत देशभरात ४७ ड्रिंगलो होते, त्यांतले ३१ हॅझलबेकमध्ये. १९११ साली २२. पुढे महायुद्ध झाले. गावच्या स्मारकावर पंधरा नावे आहेत, त्यांतली आठ आमची. मुली लग्न करून दुसऱ्या नावात गेल्या. १९५१ साली पाच उरले. माझा भाऊ विल्फ १९५८ साली छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हापासून एक. तो एक म्हणजे मी.

३. एकच उरले म्हटल्यावर न्यासाचे अध्यक्ष व गावचे खाटीक श्री. ऑब्री टनिक्लिफ यांनी माझी काळजी घ्यायला सुरुवात केली. माझी सायकल काढून घेण्यात आली. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे बसले. दर मंगळवारी दारात कलेजी येते. "खा गं, रक्त वाढतं." बर्फ पडला की पाय घसरू नये म्हणून राख आधी माझ्या दारापुढे टाकतात, मग डॉक्टरांच्या. १९७९ साली मला ताप आला, तेव्हा निवाऱ्यातली नऊही माणसे पाळीपाळीने उशाशी बसली. आठवडाभर मला एकटीने शिंकताही आले नाही. त्यात माया नव्हती असे मी म्हणणार नाही. पण माया किती आणि घराची धास्ती किती, हे तोलून दाखवणारा काटा टनिक्लिफांच्या दुकानात नाही.

१९५९ साली रेल्वेतील सिग्नलमन श्री. अर्नेस्ट कॉली यांनी मला मागणी घातली होती. त्यांची बदली साठ मैलांवर झाली होती. टनिक्लिफ घरी आले, टोपी काढून बसले आणि म्हणाले, "विनी, तू जा खुशाल. फक्त त्या नऊ जणांना तूच सांगून जा." मी सांगायला गेले. पहिल्याच दारात म्हाताऱ्या हार्करांनी, "ये पोरी, आत्ताच भट्टीतून काढलाय," म्हणून ओटाचा केक पुढे केला. मी केक खाल्ला आणि परत आले. श्री. कॉली यांना आता तीन नातवंडे आहेत.

४. न्यासाने दुसरा ड्रिंगलो शोधला नाही असे नाही. टनिक्लिफांनी देशोदेशीची टेलिफोनची पुस्तके मागवून चाळली. १९७६ साली कॅनडात वेंडल ड्रिंगलो नावाचा एक सुतार सापडला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. तो आला, त्याने नऊ घरांच्या गळक्या खिडक्या फुकट दुरुस्त केल्या, आणि म्हणाला, "मला इथे आवडतं. वर्षातून एकदा 'हजर' म्हणायचं ना? रोज म्हणेन." मी बारा दिवस हवेत होते. तेराव्या दिवशी चौकशीत निघाले की त्याच्या आजोबांनी हे नाव बोटीवर चढताना एका पेटीवर वाचून घेतले होते. टनिक्लिफ म्हणाले, "रक्त नाही." वेंडलला स्टेशनवर पोचवायला मीच गेले होते.

५. माझी थोरली बहीण हेस्टर लग्न करून प्रुडो झाली आणि सुटली. ती गल्सनेसला समुद्राकाठी राहते. नवरा नाही, मुलगा जहाजावर. गेल्या ऑगस्टमध्ये तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पुढच्या उन्हाळ्यापलीकडचे काही बोलायचे टाळले. मी गाव कायमचे सोडू शकत नाही म्हणून सप्टेंबरपासून एक उद्योग करते आहे. सहा रात्री तिथे, एक रात्र इथे. दोन बस, दोन आगगाड्या, जायला अकरा तास आणि यायला अकरा तास. सातवी रात्र माझ्याच पलंगावर काढते, सकाळी टनिक्लिफ 'बाहेरगावची वही' पुढे करतात, मी सही करते आणि पुन्हा पहिली बस धरते. नऊ महिने. या वयात माझ्या गुडघ्यांचे काय झाले ते मी आपल्याला सांगत नाही, तो न्यासाच्या अखत्यारीतला विषय नाही.

हेस्टर आधी थट्टा करायची. "विने, सहा रात्री राहतेस आणि सातव्या दिवशी पळतेस. पाव्हणी आहेस का सरकारी माणूस?" मे महिन्यात एकदा तिने माझ्या पिशवीचा बंद धरून ठेवला. म्हणाली, "मला मरायची भीती नाही गं. मी सातव्या दिवशी मरेन याची भीती वाटते. तेवढा एक दिवस काढून दे मला."

साहेब, माझी मागणी एवढीच आहे. मला सातवा दिवस हवा आहे.

६. यावर आपल्या कार्यालयाची उत्तरे अशी. पहिले : 'एक ड्रिंगलो उपलब्ध असल्याने तक्रारीस वाव दिसत नाही.' दुसरे : 'वर नमूद माहितीसोबत इतर सर्व ड्रिंगलो यांचे ना-हरकत पत्र जोडावे.' इतर सर्व ड्रिंगलो स्मशानात असल्याने मी कोरा कागद जोडला. तिसरे : 'ना-हरकत पत्रावर सह्या आढळत नाहीत. तसेच अर्जदार मुळात ड्रिंगलो असल्याचा वंशपुरावा १६११ पासून सादर करावा.' म्हणजे ड्रिंगलोपणातून सुटायचे तर आधी मी ड्रिंगलो आहे हे सिद्ध करायचे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! तरी मी मुकाट्याने चर्चच्या पेटीतल्या जुन्या नोंदवह्या काढल्या. त्या गावाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून ज्या दिवशी गावात असे त्या दिवशी तासभर बसून मागे मागे जात राहिले.

७. १ जून रोजी मी १७४१ सालापर्यंत पोचले. त्या सालची दोन पाने कडेने काळ्या दोऱ्याने शिवून टाकलेली होती. मी ती शिवण केसातल्या पिनेने उसवली. आत तीन नोंदी आहेत, त्या जशाच्या तशा देते.

'१२ जून. जोनास ड्रिंगलो यास मूठमाती दिली. त्या नावाचा शेवटचा.'

'२२ जून. चर्चच्या दारात सापडलेला मुलगा, वय सुमारे तीन आठवडे. गावपंचांच्या सांगण्यावरून नाव जोनास ड्रिंगलो ठेवले, हाकेला कोणी असावे म्हणून.'

'२४ जून. हाका मारल्या. मूल तिसऱ्या हाकेला रडले. तेच उत्तर धरले.'

तो टाकलेला मुलगा माझा खापरपणजोबांच्याही पलीकडचा पूर्वज. आमची सत्तेचाळीस माणसे, स्मारकावरचे ते आठ, विल्फ, मी, सगळी त्याच्यापासून. ड्रिंगलोंचे रक्त दोनशे त्रेचाळीस वर्षांपूर्वी मातीत गेले आहे. मी चर्चच्या गार फरशीवर बसले आणि मला आधी हसू आले. मग अर्नेस्ट आठवला आणि हसू गेले.

८. मी वही तशीच घेऊन टनिक्लिफांच्या दुकानात गेले. त्यांनी पान बघितले, सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि म्हणाले, "शिवण उसवलीस होय? आजोबांनी घातलेली होती ती."

म्हणजे त्यांना ठाऊक होते! त्यांच्या बापाला ठाऊक होते, आजोबाला ठाऊक होते. मी म्हटले, "ऑब्री, मग वेंडलला कोणत्या तोंडाने परत पाठवलंस? पेटीवरचं नाव चालत नाही आणि चर्चच्या दारातलं पोर चालतं?"

"ते पोर जुनं झालंय, विनी. वेंडल नवा होता. एक नवा घेतला की वकील जुनं उकरायला लागतो. आणि तू होतीस की."

"मी होते. पंचवीस वर्षं मीच होते!"

"मग मी काय करू? त्या नऊ जणांना रस्त्यावर काढू? सांग ना, काढू?"

तो माणूस दुष्ट नाही. दुष्ट असता तर मी केव्हाच निघून गेले असते. मी वही उचलली आणि कलेजी न घेता घरी आले.

९. मी हे निवाऱ्यातल्या एकाच व्यक्तीला सांगितले, ती म्हणजे चौथ्या घरातल्या श्रीमती ऑटिली पेग, वय ८२. त्यांनी चष्मा लावून पान दोनदा वाचले. "अगंबाई! म्हणजे तू कुणाचीच नाहीस?" मग चहा ढवळता ढवळता म्हणाल्या, "तिसऱ्या हाकेला रडायचंच ना? एवढंच ना? मला तर पहिल्याच हाकेला रडू येईल."

मी म्हटले, "ऑटिली, घर जाईल तुमचं."

"जाईल तर जाईल. आम्ही नऊ म्हातारी तुझ्या मानेवर बसलोय, आणि तू आमचे खिडकीचे पडदे धुऊन देतेस. लाज वाटते गं कधीकधी. तू जा. परत यायचं बघू नकोस."

१६ जूनला मी नेहमीची लहान पिशवी घेऊन बस धरली. वहीत सही केली. २२ तारखेला परतायचे होते. त्या सकाळी हेस्टरने पिशवीकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे वळवले. मी पिशवीतले कपडे काढून तिच्या कपाटात ठेवले. पंचवीस वर्षांत सातव्या दिवशी मी पहिल्यांदाच कोणाच्या तरी घरी सकाळचा चहा बसून प्यायले. नऊ घरे माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. मोकळे वाटले असे लिहिले तर ते खोटे होईल.

२४ तारखेला दुपारी शेजारच्या घरी माझ्यासाठी टेलिफोन आला. श्रीमती पेग गावच्या टेलिफोनच्या खोक्यातून ओरडून बोलत होत्या. टनिक्लिफांनी पहिली हाक मारली, कोणी बोलले नाही. वकील दोन पावले पुढे आला. दुसरी हाक मारताना टनिक्लिफांचा आवाज चिरकला. तिसरी हाक त्यांच्याने मारवेना. तेव्हा श्रीमती पेग म्हणाल्या, "मार की रे ऑब्री, आम्ही काय दिवसभर उभं राहायचं?" त्यांनी मारली. आणि निवाऱ्याची नऊही माणसे, दोघे काठीवर आणि एक चाकाच्या खुर्चीत, एका सुरात म्हणाली, 'हजर.' वकिलाची छत्री खाली पडली. टनिक्लिफांनी वही उघडून जे दरवर्षी लिहितात तेच लिहिले : 'उत्तर मिळाले.' श्रीमती पेग म्हणतात, लिहिताना ते रडत होते. रडले असतील. मलाही इकडे रडू आले.

१०. वकिलाने आपल्याकडे हरकत नोंदवली असेलच. म्हणून शिवलेले पान मी आता लपवत नाही. पाद्रीसाहेबांच्या सहीनिशी केलेली त्याची नक्कल श्रीमती पेग यांनी टपालाने पाठवली, ती सोबत जोडली आहे. तेव्हा आपण विचार करावा. ते टाकलेले मूल ड्रिंगलो नव्हते, असे आपले मत असेल, तर १७४१ पासून दरवर्षी न्यासाच्या अहवालावर पडलेला सरकारी शिक्का खोटा ठरतो. ते मूल ड्रिंगलो होते असे आपले मत असेल, तर गावाने ज्याला नाव दिले आणि ज्याने हाकेला ओ दिली तो ड्रिंगलो, आणि मग हे नऊ जणही आहेत. धरले तर चावते, सोडले तर पळते, ही स्थिती पंचवीस वर्षे माझी होती. आजपासून ती विनम्रपणे आपल्या स्वाधीन करते.

माझी विनंती एवढीच की त्या नऊ जणांची नावे वहीत कायम करावीत, आणि माझे काढावे. हॅझलबेकमधील ड्रिंगलोंची आजची संख्या नऊ आहे. १९५१ पासून ती इतकी कधीच नव्हती. एका बाईच्या जाण्याने फरक पडू नये.

हेस्टर खिडकीशी झोपली आहे. आपले उत्तर पाठवायचे तर खालील पत्त्यावर पाठवावे. ती आहे तोवर मी इथेच आहे.

आपली नम्र,
विनिफ्रेड
(आडनाव आपल्या निर्णयानंतर लिहीन.)

मुक्काम : श्रीमती हेस्टर प्रुडो यांचे घर, गल्सनेस
दिनांक : २९ जून १९८४, मुक्कामाचा चौदावा दिवस

सोबत :
१) न्यासपत्राची नक्कल, इ. स. १६११.
२) नोंदवहीच्या उसवलेल्या पानाची नक्कल, इ. स. १७४१.
३) आपल्या दुसऱ्या पत्रात मागितल्याप्रमाणे, इतर सर्व ड्रिंगलो यांचे ना-हरकत पत्र. सह्या नऊ.