पट्ट्या मोजणारी बोटं

अब्बा, ज्या बोटांवर तुम्ही पाना हाणत होता, त्याच बोटांनी गेल्या आठवड्यात मी एक इंजिन ओळखलं. लिहिते माझी सून, कारण अक्षर मला अजून येत नाही. शाळेत घातली तर मास्तर मारील, असं तुम्हीच म्हणाला होता. मास्तरचा मार वाचला खरा.

खाडीच्या रस्त्यावरचं तुमचं गॅरेज आठवतं. माझ्या डोळ्यांवर तेलकट फडकं बांधलेलं आहे आणि समोर कुठल्या तरी मोटरसायकलचं जुनं इंजिन. ‘सांग, कुठल्या गाडीचं?’ मी सिलिंडरच्या बाहेरच्या, वाऱ्यानं थंड होणाऱ्या पट्ट्यांवरून नख ओढत मोजते, मग खाली, जिथे नंबर ठोकलेला असतो, तिथे बोट फिरवते. ‘चोर नंबर घासतो, पट्ट्या घासत नाही,’ हे तुमचं वाक्य. चुकले की पाना. या अंगठ्याचं नख अजून वाकडंच उगवतं. सून कापताना मला शिव्या देते, खरं तर त्या तुमच्या वाट्याच्या. एकदा चोरीचं इंजिन गळ्यात मारणाऱ्या माणसाला तुम्ही सायकलीच्या चेननं गळा आवळून रस्त्यापर्यंत ओढत नेलंत. तो ओरडत होता आणि आत आई स्टोव्हला पंप मारत बसली होती, वर भांडं न ठेवता, आम्हा पोरींना ऐकू येऊ नये म्हणून.

तुम्ही न पाहिलेला तुमचा नातू, माझा पोरगा, इथे सौदीत अल खर्जला दुधाच्या फार्मवर यंत्रं दुरुस्त करतो. कफीलची, म्हणजे ज्याच्या व्हिसावर आम्ही इथे आहोत त्या मालकाची, लाडकी जुनी मोटरसायकल त्याच्याकडे आली आणि या शहाण्यानं ऑइल न घालताच पळवून पाहिली. इंजिन जाम. कफील म्हणाला, जुम्म्यापर्यंत अस्सल तसंच इंजिन बसव, नाहीतर परतीचं तिकीट, खलास. सून आणि लेकरं नुकती कुठे इथे रुळलीत. म्हणून पोरगा तशलीहला निघाला. इथे भंगाराच्या बाजाराला तसं म्हणतात. मीही बुरखा चढवून पिकअपमध्ये बसले. घरी बसून सुनेच्या डाळीला नावं ठेवण्यापेक्षा ते बरं.

दुकानदार पांढऱ्या दाढीचा, गोड बोलणारा. पोरानं बॅटरी मारून नंबर वाचला. ‘अम्मी, त्याच मॉडेलचा आहे. अक्षरंसुद्धा तीच.’

‘अक्षरं तुझ्या बायकोला दाखव. मला इंजिन दाखव.’

‘अम्मा, ये औरतों का काम नहीं,’ दुकानदार हसला.

‘तो मुँह फेर लो, बेटा,’ मी म्हटलं आणि हात घातला. नंबराखालची जागा गुळगुळीत, मध्ये किंचित खोलगट. ग्राइंडर फिरवून पुन्हा ठोकलेला. मग पट्ट्यांवरून नख ओढलं. जाम झालेल्या इंजिनाच्या मी घरीच मोजून आले होते. इथे एक कमी. खालचा भाग एका गाडीचा आणि वर धाकट्या गाडीचं सिलिंडर. तसं सांगून मोकळी झाले, आणि हे माझ्या तोंडून निघालं नसतं तर बरं, असं लगेच वाटलं.

पोरानं म्हाताऱ्याची मान धरून त्याला सायलेन्सरच्या ढिगावर आदळलं. कान फाटला, दाढी लाल झाली. ‘माझी लेकरं रस्त्यावर आणतोस?’ असं ओरडत त्यानं लोखंडी रॉड उचलला. बाजूचे कामगार धावले, पण जवळ कुणी येईना. कुणीतरी पोलिसांना हाक मारायला पळालं. पोराची मान तिरकी झाली होती, खालचा ओठ दातांत, अगदी तुमच्यासारखा. तो हात खाली आला असता तर म्हातारा गेला असता आणि माझा पोरगाही. मी तिथलाच एक पाना उचलला आणि त्याच्या बोटांवर हाणला.

घासलेला नंबर पोलिसांना दिसायच्या आधी निघा म्हणून म्हाताऱ्यानं फाटका कान दाबत आतलं खरं इंजिन आमच्या गाडीत टाकायला लावलं. तेही मी हात फिरवूनच घेतलं. लाज नाही मला. पोराची दोन बोटं मोडली आहेत. ते इंजिन सुनेनं आणि शेजारच्या मल्याळी मेकॅनिकनं बसवलं, पोरगा प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून नुसता सांगत होता. जुम्म्याला कफील एक फेरी मारून आला आणि ‘यल्ला, कामाला लाग’ म्हणाला. नोकरी वाचली. पोरगा माझ्याशी बोलत नाही, पण चहाचा कप डाव्या हातानं माझ्यापुढे सरकवतो. अम्मीनं अडवलं नसतं तर आज तो तुरुंगात असता, असं सगळे म्हणतात, आणि मी मान डोलावते.

सून विचारते, पुढचं लिहू का? लिही बाई, आणि घडी करून तुझ्या ट्रंकेत तळाला टाक. हे कुठे जायचं नाही.

अब्बा, रॉड पहिल्याच फटक्याला खाली पडला होता. दुसरा मी तरीही मारला.