लेव्हरीनचे वाण

रविवार, १८ जुलै २००४
स्वस्ति श्री! घटिकाचक्रचूडामणी, चावीधर्मप्रतिपालक, लेव्हरीनवंशाभिमानी, कॉलेजरोडस्थ, पत्नीप्रदत्त ‘खुळे’ या बिरुदाने विभूषित असे आम्ही — आज मेनरोडवरून नवे लेव्हरीन घड्याळ घेऊन स्वगृही परतलो. अधिक मास लागला. तेजस्विनीच्या लग्नानंतरचा पहिलाच. जावईबापूंना अनारशांसमवेत घड्याळाचे वाण. सौ. सरिता म्हणते, चांदीचे ताट पुरे होते. तिला काय! आयुष्यभर या एकाच स्विस कंपनीची घड्याळे जमवली. जावयाला दुसरे कोणते देणार?

१९ जुलै
डोळ्यास भिंग लावले. लावायला नको होते. चावी डुगडुगते. मागचे झाकण उघडले, तो आत प्लॅस्टिकचे कडे! जुन्या लेव्हरीनमध्ये जो भाग कुणाच्या दृष्टीस पडायचा नाही, तोही आरशासारखा घासलेला असे. दुकानदारास विचारले. म्हणाला, साहेब, आता आत कोण बघतं? — मी बघतो, हे सांगण्याची लाज वाटली.

१ ऑगस्ट
वाण दिले. महेशरावांनी तत्क्षणी मनगटावर चढवले. शंका आम्ही अनारशासह गिळली.

२१ ऑगस्ट
नांदगावहून तेजूचा फोन. घड्याळ बंद! तिच्या सासूबाई, लंकाबाई, शेजारणीला म्हणाल्या — “व्याह्याकडं घड्याळांची पेटीच हाय. त्यातलंच बंद पडलेलं पुसून दिलं असंल.” तेजू हे हसत सांगत होती. मग एकाएकी फोन ठेवला.

१० सप्टेंबर
घड्याळ मागवून कंपनीकडे धाडले होते. उत्तर आले: आत पाणी गेले, दोष वापरणाऱ्याचा. ज्या कंपनीच्या प्रतिष्ठेसाठी मी मित्रांशी वितंडवाद घातले, तिने मला लेकीच्या सासरी लबाड ठरवले.

१२ सप्टेंबर
पेटीतले पहिले लेव्हरीन काढले. पहिल्या बोनसचे. तेजू जन्मली ती वेळ यावरच पाहिली होती. एसटीने नांदगाव गाठले. लंकाबाईंदेखत महेशरावांच्या हाती दिले. म्हणालो, “विहीणबाई, हे मात्र खरोखरच जुने आहे.” त्यांनी ते कानाशी धरले. बराच वेळ. “लय गोड वाजतंय,” म्हणाल्या. तेजूने माझ्या चहात दोनदा साखर घातली. मुकाट्याने प्यालो.

१३ नोव्हेंबर, पाडवा
दिवाळसणाला लेक-जावई आले. महेशराव उत्साहाने मनगट पुढे करून म्हणाले, “बाबा, रोज चावी द्यायची राहून जायची. आत नवीन मशीन टाकून घेतलं. सेलवर एक नंबर चालतं! आई तर अख्ख्या गल्लीला दाखवते.”
मी म्हणालो, उत्तम केलेत.
जुने यंत्र त्यांनी आठवणीने आणले होते — गोळ्यांच्या रिकाम्या डबीत. तुम्हाला आवड आहे म्हणून, असे म्हणाले. मनापासून म्हणाले, हेच वाईट!
तेजू स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “बाबा, मला आधी कळलं असतं तर…”
“तुझं तिथं बरं चाललंय ना?”
“आता हो.”
मग झाले. श्रीखंड वाढले गेले. ग्रहण केले.

१४ नोव्हेंबर
यंत्रास चावी दिली. चालते! तबकडी नाही, काटे नाहीत — तरी चालते.
चावी आडवी येऊन डबीचे झाकण मात्र बसत नाही; धूळ जाणार. सरितेकडे चांदीचा करंडा मागितला. हात लावायचा नाही, म्हणाली. एवढ्या मापाची डबी नाशकात मिळते तरी कुठे?