मालिकेतला बाप

बाबा, काल दुपारी मी टीव्हीवर एक मालिका बघत होते. नायिका विमानतळावरून थेट लग्नाच्या मांडवात पोचली, आणि वाटेत कुठे न थांबता तिची साडी मात्र बदललेली. घरात मी एकटीच, तरी तोंडातून तुमचंच वाक्य निघालं, "हे काही पटत नाही बा." मग बराच वेळ मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत बसले. शेवटी म्हटलं, लिहूनच काढावं. आणि मराठीत लिहावं, कारण तुम्ही जन्मभर मला मराठीत विचारलंत आणि मी बहुतेक वेळा हिंदीतच उत्तरं दिली.

लखनौच्या क्वार्टरमध्ये आपला टीव्ही आला तेव्हा मी कॉलेजात होते. लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, ब्लॅक अँड व्हाइट. तुम्ही तार ऑफिसातून सायकलवर येता, हातपाय धुता, खुर्ची बरोबर टीव्हीसमोर ओढता, आणि मालिका सुरू होते न होते तोच तुमची पहिली हरकत येते. गावाकडून आजारी आईची तार निघाली आणि शहरातला मुलगा संध्याकाळी अंगणात हजर, हे बघून तुम्ही खरोखर चिडला होतात. यानं गाडी कोणती पकडली, रिझर्वेशन कोणी दिलं, बदलायला कुठे उतरला, असं तुम्ही आईला विचारत राहिलात, जणू तिनंच त्याला पाठवलं होतं. कारकुनाच्या घरात वरच्या मजल्यावर जाणारा रुंद जिना दिसला की म्हणायचात, असा क्वार्टर कोणत्या खात्यात मिळतो ते तरी सांगा, अर्ज करतो. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, पटत नाही तर बघता कशाला. पण तुम्हीच नेहमी जिंकायचात असं नाही. एका मालिकेत दोन जावा एकाच घरात राहून महिनोनमहिने बोलत नव्हत्या. तुम्ही म्हणालात, एवढं कुणाला जमेल? आई आतून म्हणाली, "तुमच्या वहिनीशी मी किती दिवस बोलले नव्हते, ते आठवते का?" त्या दिवशी तुम्ही पुढची एकही हरकत घेतली नाही.

समोरच्या क्वार्टरमधल्या भाभी रोज यायच्या. चौकातल्या एका दुकानासाठी त्या चिकनचं भरतकाम करायच्या. मांडीवर कुर्ता, हातात सुई, नजर टीव्हीवर. त्यांना मालिकेतलं सगळं पटायचं. रडायला त्या घरूनच तयार होऊन यायच्या, आणि तुम्ही नेमकं त्याच वेळी गाड्यांचं वेळापत्रक काढायचात. "भाईसाहब, आप ठीक से रोने भी नहीं देते," असं त्या एकदा खूप काकुळतीनं म्हणाल्या होत्या. आई किती हसली होती.

मग माझं लग्न झालं आणि मी जबलपूरला गेले. तिथलं सगळं इथे लिहीत नाही. माझा नवरा हात उगारायचा, आणि सासूबाई तेवढ्यापुरतं रेडिओचं बटण पिळून आवाज मोठा करायच्या, इतकंच. वर्ष संपायच्या आत मी एक दिवस बाजाराला म्हणून निघाले, पोस्टात गेले आणि तुम्हाला तार केली, 'येत आहे'. ती तुमच्याच ऑफिसात उतरली. कुणी आणून तुमच्या हातात दिली, की तुम्हीच वाचता वाचता थांबलात, हे मी कधी विचारलं नाही. चारबाग स्टेशनवर तुम्ही ऑफिसच्या कपड्यांतच उभे होतात. माझ्याकडे सामान नव्हतं, पायात घरातली चप्पल होती आणि तिचा एक पट्टा तुटला होता. तुम्ही विचारलंत, "जेवलीस का?" मी मान हलवली. रिक्षा तुम्ही अमीनाबादच्या बाजारावरून घ्यायला लावलीत आणि गर्दीत उतरून माझ्या मापाची चप्पल घेऊन आलात. माप बरोबर होतं. त्यापलीकडे त्या दिवशी आपण काहीच बोललो नाही.

नंतरही बोललो नाही. आईनं मला लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून दिले. भाभींनी काही विचारलं नाही, पण त्या येताना गल्लीतलं सगळं ऐकून यायच्या हे मला कळत होतं. धाकट्या बहिणीला बघायला येणारे लोक दोनदा यायचे राहिले. तुम्ही सकाळी बुद्धवंदना झाली की पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ बसून राहायचात. आणि संध्याकाळी टीव्ही लागायचा. मी मागे भिंतीशी, गव्हाच्या कोठीला टेकून बसायची, म्हणजे कुणाला वळल्याशिवाय माझं तोंड दिसू नये.

अशात तो भाग आला. मालिकेतली मुलगी सासर सोडून बापाच्या दारात उभी असते. बाप म्हातारा, देखणा, आवाज भारदस्त. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवतो, डोळे पुसतो आणि सांगतो की मुलीचं घर आता तेच, बापाच्या मानासाठी तिनं परत जावं. मागे सनई वाजते. मुलगी वळते आणि चालू लागते. आपल्या खोलीत आईच्या हातात ताट होतं, ते तसंच राहिलं. भाभींनी पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, किती खरं दाखवलंय, बाप तरी बिचारा काय करणार.

मी तुमच्या पाठीकडे बघत होते. तुम्ही नेहमीसारखे पुढे झुकला नव्हतात.

"झूट है," तुम्ही म्हणालात, अगदी हळू.

भाभी म्हणाल्या, "भाईसाहब, दुनिया में होता तो यही है."

"होता होगा. लेकिन लड़की को भेजके ये आदमी रात को सोया कैसे, ये तो दिखाया ही नहीं."

भाभींची सुई थांबली. मग तुम्ही न वळता, टीव्हीकडेच बघत, मराठीत म्हणालात, "आपल्या घरी असं होत नाही."

कुणाला उद्देशून म्हणालात ते तुम्ही सांगितलं नाही. आईनं ताट खाली ठेवलं आणि मला पोळ्या वाढायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी भाभींनी गल्लीत सांगून टाकलं की लड़की यहीं रहेगी, भाईसाहब ने कह दिया है. पुढच्या आठवड्यात मालिकेतला नवरा पश्चात्तापानं ढसाढसा रडला तेव्हा तुम्ही पूर्वीच्याच आवाजात म्हणालात, आपल्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर महिन्यात सुधरत नाही, आणि हा माणूस एका भागात सुधारला. मी हसले. जबलपूरहून आल्यावर पहिल्यांदाच, असं आईनं नंतर सांगितलं.

माझे सासरे आले तेव्हा तुम्ही त्यांना चहा दिलात, नाश्ता दिलात, आवाज चढवला नाही. फक्त म्हणालात, ती येणार नाही. हे मी दाराआडून ऐकलं. मग मी बी.एड. केलं, लखनौबाहेर बख्शी का तालाबच्या बाजूला शाळेत लागले, आणि थंडीच्या धुक्यात बस येईपर्यंत तुम्ही मफलर गुंडाळून माझ्याजवळ उभे राहिलात. धाकटीचंही चांगलं झालं. आता आम्ही दोघी तुमच्या त्या वेळच्या वयाच्या पुढे गेलो आहोत.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, ठाऊक आहे. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. तो भाग लागला त्या दिवशी सकाळीच मी आईच्या जुन्या पिशवीत दोन साड्या भरून ठेवल्या होत्या. धाकटीसाठी म्हणून परत जायचं ठरवलं होतं. मालिकेतला तो बाप मला अगदी खरा वाटला होता, बाबा. मला वाटलं होतं, आता तुम्ही मान डोलावाल.