ताई येईपर्यंत शेवटचं प्रकरण नको

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला तिसरा खंड मिळाला. पहिले दोन बाबांनी आपल्याला मोठ्याने वाचून दाखवले आणि तिसऱ्याची वाट पाहता पाहता ते गेले. लेखकमहाशयांना आत्ता कुठे जाग आली! आईला आता अजिबात दिसत नाही, म्हणून लिफ्टदुरुस्तीचं काम आटोपून आलो की दुपारी मीच वाचतो. माझं वाचन मजल्यांमध्ये अडकलेल्या लिफ्टसारखं आहे, असं तिचं मत.

फोन आईच्या उशाशी असतो आणि तिचे कान तिखट, म्हणून हे पत्र. काल मिठागराची राणी विहिरीपाशी येते तिथे आई मध्येच म्हणाली, इतक्यात उतरायची नाही ती, आधी घोड्याला त्याचं नाव विचारेल. मी पान उलटलं. राणीने घोड्याला नाव विचारलं. तू तिला गोष्ट सांगून ठेवलीस का?

राग नको, लोभ हवा.
तुझा टिल्लू

९ जून

चि. टिल्लू यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, मी खंड विकत घेतला आणि तसाच पाठवला. वहीतपासणीतून मान वर करायला सवड कुठे आहे? आईने पहिले दोन भाग इतक्यांदा ऐकलेत की लेखकाचं डोकं कसं चालतं ते तिला कळतंच. मी गणिताची मास्तरीण, मला एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. तू स्वतः न वाचलेलं एखादं पान निवड आणि तिला विचार. मग माझ्याकडे ये रडत.

जेवण वेळेवर घे. माया आहेच, ती जपून वापर.
ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रडतच आलोय. पुस्तकातली दोन पानं छापखान्यात कापायची राहून गेली आहेत, कडेला जोडलेलीच. आत काय आहे ते कुणालाच दिसणं शक्य नव्हतं. आईला विचारलं. ती म्हणाली, तिथे नावाडी आपली सावली नदीला देतो आणि ओझं उतरल्यासारखा हसतो. मी सुरीने पानं कापली. नावाडी हसत होता, ताई.

तुला कोण सांगतं, असं शेवटी विचारलंच. ती सहज म्हणाली, सकाळी तू कामावर गेलास की हे वाचतात. खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतात. तुझ्यापेक्षा एक प्रकरण पुढे आहेत. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक हत्यारांच्या पेटीत घालून कामावर नेलं. परत आलो तर खुर्ची पलंगाजवळ आणि आईला पुढचं प्रकरण ठाऊक!

आता शेवटचं तेवढं राहिलंय. आई म्हणते, ते ऐकून झालं की आम्ही दोघं मिळूनच निघू. कपाटातून तिची निळी साडी काढून ठेवायला सांगितली आहे. मी काय करू?

टिल्लू

१९ जून

चि. टिल्लू यास,
आशीर्वाद.

रजा टाकली आहे, रविवारी पोचते. तोवर एक कर. हसू नकोस. कामावर निघताना त्या रिकाम्या खुर्चीला सांग की ताई येते आहे. लहानपणी मला झोप लागली की बाबा पुस्तक मिटायचे. मी जागी नसताना कधी एक ओळ पुढे गेले नाहीत. सांग, बाबा, ताईचं शेवटचं प्रकरण ऐकायचं राहिलंय. आईला मात्र काही बोलू नकोस.

हे मी लिहितेय यावर माझाच विश्वास बसत नाही.
ताई

३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू गेलीस आणि घर मोठं झालं. आई ठणठणीत आहे. सकाळी रेडिओ लावते आणि बातम्या देणाऱ्याशी भांडते. निळी साडी परत कपाटात गेली. खुर्ची भिंतीशी सरकवायला तिनेच सांगितलं. बाबा येत नाहीत का, विचारलं तर म्हणाली, पुस्तक संपलं, आता काय नुसते बसून राहतील? तू थांब म्हणालेत मला, पोरांजवळ.

एक मात्र सांगायचं राहिलं. शेवटचं प्रकरण तू सुरेखच वाचलंस, पण राणी मिठाचं दार उघडते तो अखेरचा परिच्छेद! मी मान खाली घालून आईचे पाय चेपत होतो, अंगावर सरसरून काटा आला. इतका खालचा, घोगरा आवाज तुला जमला कसा?

असाच जीव लावत राहा.
टिल्लू

६ जुलै

चि. टिल्लू यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. दूध उतू गेलं.

तो परिच्छेद मी वाचला नाही. राणी दारापाशी आली आणि मला पुढे वाचवेना. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत बसले. वाचन चालूच होतं. मला वाटलं, तू ते पाठ करून ठेवलंस आणि मला सांभाळून घेतोयस. मनात म्हटलंही, पोरगं शहाणं झालं.

आईला काही विचारू नकोस. मी तो परिच्छेद अजून डोळ्यांनी वाचलेला नाही आणि वाचणारही नाही. ज्या आवाजात ऐकला त्याच आवाजात राहू दे.

दोघांना जवळ घेते, इथूनच.
ताई